डाळीच्या डब्यातल्या गोळ्या

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई नागपूरच्या आहेत. वय ३६, खासगी शाळेत शिक्षिका, घरी नवरा, सासूबाई, नणंद आणि आठ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपासून नैराश्यावर उपचार चालू आहेत. दोन वेगवेगळी औषधं झाली, थोडा फरक पडला पण टिकला नाही. गोळ्या घेतल्यावर गरगरतं, असंही त्या लिहितात. डॉक्टरांनी आता टीएमएस, म्हणजे मेंदूला चुंबकीय लहरी देण्याचा उपचार सुचवलाय: आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवलेल्या असतात. नणंदेचं स्थळ जमत आलंय, दसऱ्यानंतर साक्षगंध (साखरपुडा) आहे, म्हणून नवरा म्हणतो, "तेवढं होऊन जाऊ दे, मग पाहू." एकदा सहज विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या मानसाच्या डोक्याले कोनी करंट लावते का?" ताईंचे तीन प्रश्न आहेत. थांबावं का? मशीनपर्यंत गोष्ट गेली म्हणजे आपण खरंच 'तसल्या' झालो का? आणि हे कोणाला न कळता उरकता येईल का? शेवटी एक ओळ आहे: "कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये."

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. ती ओळ तुम्ही डॉक्टरांना सांगितली आहे की फक्त या पत्रात लिहिली आहे? सांगितली नसेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, उद्याच फोन करा. उठूच नये असं वाटणं आणि जीव द्यावासा वाटणं यांत फरक आहे, पण तो फरक डॉक्टरांना तपासू द्या, कारण उपचार कोणता आणि किती घाईने हे त्यावरच ठरतं. टीएमएसचा गुण यायला आठवडे लागतात. विचार तीव्र झाले, जेवण सुटलं, एखादी पद्धत मनात घोळायला लागली, तर त्या अवस्थेत थांबायला वेळ नसतो आणि दुसरे, लवकर लागू पडणारे उपचार निवडावे लागतात. रात्री-बेरात्री मन आवरेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा, नवऱ्याच्याही.

आता त्या डाळीच्या डब्याकडे येऊ. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळी नजर तिथेच अडकली. स्वयंपाकघरात सासूबाई असल्या की डबा उघडता येत नाही, पाहुणे आले की नाहीच नाही, माहेरी गेलं की स्ट्रिप नागपुरातच राहते. असं असताना दोन वर्षांत गोळी किती दिवस पोटात गेली? आठवड्यातले पाच? चार? तुम्ही लिहिता की दोन्ही औषधांचा फरक टिकला नाही. नैराश्याचं औषध लागू पडलं नाही असं म्हणायला ते पुरेशा मात्रेत, रोज, निदान सहा आठवडे घेतलेलं असावं लागतं. मधे मधे चुकलेल्या गोळीचा हिशेब औषधाच्या नावावर मांडता येत नाही. तुमचं गरगरणं गोळीमुळे असेल, तसं ते गोळी चुकल्यामुळेही असू शकतं. दोनतीन दिवस खंड पडला की चक्कर, चिडचिड, अंगात बारीक झटके आल्यासारखं वाटणं हे ओळखीचं आहे. व्हेनलाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या औषधांत जास्तच. माणसाला वाटतं गोळी सोसत नाही, म्हणून तो आणखी एक गोळी टाळतो, आणि गरगरणं वाढतं.

यात तुमचा दोष नाही. लोक काय म्हणतील ही भीती मनातच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं, पण ती औषधाच्या मात्रेत शिरली आहे. डॉक्टरांना वाटतंय दोन औषधं हरली, आणि त्या हिशेबावर पुढचा निर्णय होतोय. म्हणून आधी डॉक्टरांना खरं सांगा: "महिन्यात इतक्या गोळ्या चुकल्या." आकडा अंदाजाने चालेल. त्यावर ते म्हणतील की आधी सहा आठवडे रोज गोळी घेऊन पाहू, किंवा म्हणतील की टीएमएस आत्ताच करू आणि गोळीही नियमित ठेवू. दोन्ही रस्ते रास्त आहेत. त्याच भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्या तपासण्या झाल्या आहेत का तेही विचारा. आणि कधी काळी याच्या अगदी उलट दिवस आले होते का ते आठवून पाहा: दोनतीन तासांच्या झोपेवर दिवसेंदिवस उत्साह, भरमसाट खरेदी, न थांबणारी बडबड. असं झालेलं असेल तर निदानच बदलू शकतं, आणि टीएमएसने क्वचित तशी अवस्था उसळू शकते.

दुसरा प्रश्न: मशीनपर्यंत गेलं म्हणजे आपण 'तसल्या' का? नागपुरात हा प्रश्न कुठून येतो ते कळतं. छिंदवाडा रोडवरच्या चौकाला आपण अजून पागलखाना चौक म्हणतो, रिक्षावाल्यालाही तेच सांगतो. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे. दीडशेहून अधिक वर्षं या शहराने मनाच्या आजाराला एक उंच भिंत आणि एक चौक एवढाच पत्ता दिला. त्यामुळे डोक्याचा डॉक्टर म्हटलं की मनाची रिक्षा त्याच चौकात जाऊन थांबते. खरं तर राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) भारतात साधारण वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं असं सांगितलं. साक्षगंधाला चारशे माणसं जेवली तर त्या पंगतींत वीसेक जण कधी ना कधी तुमच्यासारख्याच अवस्थेतून गेलेले असतील. त्यातले बहुतेक कुठल्याच डॉक्टरकडे गेलेले नसतात.

आणि 'मशीन म्हणजे शेवटची पायरी' हा समजही तपासून पाहा. टीएमएससाठी भरती व्हावं लागत नाही, भूल देत नाहीत, शुद्ध जात नाही. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर जो 'करंट' आहे तो वेगळा उपचार आहे, ईसीटी. त्यात भूल देऊन विजेच्या प्रवाहाने मेंदूत नियंत्रित फिट आणतात. सिनेमांनी त्याचीही नाहक बदनामी केली. भुलीशिवाय आणि स्नायू सैल करण्याच्या औषधाशिवाय ईसीटी देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंद केलंय, आणि फार तीव्र नैराश्यात तो जीव वाचवतो. पण तुम्हाला सुचवलेला उपचार तो नव्हे. तसंच, मेळ्यांत आणि प्रदर्शनांत मिळणाऱ्या चुंबकाच्या गाद्या, पट्टे, कडी यांच्याशीही याचा काही संबंध नाही. त्यातलं चुंबक स्थिर असतं. नुसतं चुंबक डोक्याजवळ धरल्याने मज्जापेशी काम करू लागत नाहीत. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं तरच जवळच्या पेशींत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. हे तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं, माणसाच्या मेंदूवर असं यंत्र इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १९८५ मध्ये पहिल्यांदा चाललं, आणि नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याला परवानगी दिली.

प्रत्यक्षात काय होतं ते नीट सांगते, कारण भीती बहुतेक वेळा न पाहिलेल्या गोष्टीचीच असते. खुर्ची दंतवैद्याच्या खुर्चीसारखी. डोक्यावर पातळ टोपी घालून त्यावर मापं घेऊन खुणा करतात. चुंबकीय लहरी देणारी कॉइल म्हणजे तारेची वेटोळी, दोन बांगड्या शेजारी शेजारी ठेवल्यासारखी, प्लास्टिकमध्ये बंद. उपचार सुरू करण्याआधी तुमचं माप काढतात. कॉइल डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागावर ठेवून एकेक चुंबकीय ठोका देतात. जोर वाढवत नेला की एका क्षणी तुमच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप टुणकन उडतो. तुम्ही हलवलेला नसतो, दुखतही नाही, नुसतं नवल वाटतं. दहा ठोक्यांत निदान पाच वेळा अंगठा हलेल असा कमीत कमी जोर हा तुमचा उंबरठा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. उपचार सहसा त्याच्या १२० टक्क्यांवर देतात, म्हणजे उंबरठा यंत्राच्या ताकदीच्या ५० टक्क्यांवर निघाला तर ६० टक्क्यांवर. हे माप न काढता कोणी थेट उपचार सुरू करत असेल तर तिथून उठून या.

मग कॉइल कपाळाच्या डाव्या बाजूला, केसांच्या रेषेच्या थोडं वर सरकवतात. तिथून दोनतीन सेंटिमीटर आतपर्यंतच परिणाम पोचतो. मेंदूचा हा भाग ठरवणं, लक्ष देणं, भावना आवरणं या कामांत असतो आणि नैराश्यात सुस्त पडलेला आढळतो. ठरलेल्या पद्धतीत सेकंदाला दहा ठोके, चार सेकंद चालू, सव्वीस सेकंद विश्रांती; असं ७५ वेळा केलं की ३,००० ठोके आणि साडेसदतीस मिनिटं होतात. विश्रांती कमी ठेवून हेच विसेक मिनिटांत बसवणारीही केंद्रं आहेत. दुसरी पद्धत थीटा बर्स्टची: ६०० ठोके, तीन मिनिटांहून जरा जास्त. कॅनडात ४१४ रुग्णांवर या दोन्हींची तुलना झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले की छोटी पद्धत मोठीपेक्षा कमी पडत नाही. तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईसाठी हा फरक मोठा आहे. "तुमच्याकडे कुठली पद्धत आहे आणि मला ती का देताय?" हे विचारा.

आवाज सुतारपक्ष्याने कानाशी खोड टोचावं तसा. म्हणून दोन्ही कानांत बोळे हवेतच. कोणी 'चालतं हो' म्हणालं तरी बोळ्यांशिवाय बसू नका. टाळूवर टकटक जाणवते, भुवई किंवा डोळा फडफडतो, कधी दात एकमेकांवर आपटतात. फार टोचत असेल तर लगेच सांगा, कॉइलचा कोन किंचित बदलला की बरेचदा थांबतं. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, साध्या पॅरासिटामॉलने उतरतं आणि पुढे कमी होत जातं. उपचार चालू असताना झोपू नका, मान वळवू नका. कॉइल सेंटिमीटरभर सरकली तरी ठोके भलत्याच जागी पडतात. असे सरकलेल्या कॉइलखाली गेलेले दिवस हे 'गुण आला नाही' म्हणण्याचं एक साधं, न दिसणारं कारण असतं. दर दिवशी खुणा जुळवतात का याकडे तुम्हीच लक्ष ठेवा.

खरी जोखीम एकच मोठी: उपचारादरम्यान फिट येणं. ती क्वचित, हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी, पण ती वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या हातात आहेत. पूर्वी कधी फिट आली असेल, डोक्याला मोठा मार लागला असेल, ब्युप्रोपिऑन किंवा ट्रामाडॉलसारखं औषध चालू असेल, घरात कोणाला अपस्मार असेल तर आधी सांगा. दारू नको, जागरण तर मुळीच नको. हरतालिकेचं जागरण यंदा राहू द्या. श्रावणी सोमवारचा कडक उपासही नको. रिकाम्या पोटी पहिल्याच बैठकीत भोवळ येऊन पडणारेही असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं फिट आली. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या घेत असाल तर त्याही सांगा, काहींमुळे गुण कमी येतो; पण स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानेच फिट येऊ शकते. डोक्यात लोखंडी क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टर बहुधा हा उपचार देणारच नाहीत. दातांचं फिलिंग सहसा अडत नाही. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही बोला. रोज जाताना पिना, कानातलं काढून ठेवा, मोबाइल आणि बँकेचं कार्ड लांब ठेवा. मंगळसूत्र काढायचं का हे तिथल्या ऑपरेटरला विचारा.

गुणाचं काय? औषधांनी पुरेसा फरक न पडलेल्यांत साधारण निम्म्यांना चांगला उतार पडतो आणि सुमारे तिघांतला एक जण जवळपास पूर्ण बरा होतो. म्हणजे निम्म्यांना तेवढा पडत नाही, हेही ऐकून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवत नाही आणि नेमकं तेव्हाच लोक सोडतात. दर रविवारी पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची यादी भरा. मराठीत मिळते, गुण ० ते २७. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तो निम्म्यावर आला तर उपचार लागू पडला, पाचाच्या खाली गेला तर नैराश्य ओसरलं. आपलं मन आपल्याला खोटं सांगत असतं, म्हणून हा आकडा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो, त्याचं उत्तर शून्याहून वर असेल तर रविवारीच डॉक्टरांना कळवा. गुण आल्यावरही गोळ्या आणि समुपदेशन चालू राहतं, आणि काहींना महिन्यांनी पुन्हा थोड्या बैठका लागतात.

आता तिसरा प्रश्न, लपवून उरकण्याचा. तीस दिवस रोज कुठेतरी जायचं, डोकं दुखत परत यायचं, आणि घरात सांगायचं की शाळेत जादा तास आहे? तिसऱ्या दिवशी सासूबाईंना संशय येईल आणि तो नैराश्याचा नसेल. शिवाय जे डब्यातल्या गोळ्यांचं झालं तेच बैठकांचं होईल: पाहुणे आले, चुकली, सासूबाईंनी कुठे निघालीस विचारलं, चुकली. एखादी चुकली तर शेवटी भरून काढतात, काही बिघडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीने महाल-इतवारीचे रस्ते तुंबतात, तो दिवस आधीच सोडून द्या. पण आठवड्याला दोन चुकत गेल्या तर पैसे आणि उमेद दोन्ही वाया.

म्हणून सगळ्यांना सांगू नका, पण सासूबाईंना सांगा. शाळेला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. 'वैद्यकीय उपचार चालू आहेत, सहा आठवडे सकाळची वेळ हवी' एवढ्या पत्राची डॉक्टरांना विनंती करता येते, आणि तुमच्या आजाराची माहिती गुप्त राखणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. नणंदेच्या होणाऱ्या सासरलाही काही सांगायचं नाही. त्यात लपवाछपवी कसली? वहिनीचं नैराश्य हा त्या स्थळाचा विषयच नाही, जसं वहिनीचं थायरॉइड नाही.

सासूबाईंना सांगताना 'डिप्रेशन', 'मशीन' या शब्दांपासून सुरुवात करू नका. नवऱ्याला शेजारी बसवा, आणि बोलणं त्यानेच सुरू करावं: "आई, हिला दोन वर्षांपासून बरं नाही, हे तू पाहतेसच. झोप नाही, जेवण नाही, पोरावर उगाच चिडते. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचा उपचार सांगितला आहे. भरती नाही, भूल नाही. मी रोज सोडायला जाणार आहे. सकाळचा पोराचा डबा तेवढा तू सांभाळ." शेवटचं वाक्य गाळू नका. ज्या माणसाला काम मिळतं तो विरोधातून बाजूला येतो. त्यांना करंटची भीती असेल तर एक दिवस सोबत न्या, बाहेरच्या बाकावर बसू द्या. तुम्ही आत गेलात तशाच चालत बाहेर आलात हे त्यांनी स्वतः पाहिलं की अर्धं काम होतं. तरीही त्या चिडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, तर असू द्या. उपचार मात्र थांबवू नका.

पैशाचं आधीच स्पष्ट करून घ्या. एका बैठकीचा दर, एकूण बैठका, उंबरठा मोजण्याचे वेगळे पैसे, मधेच थांबवल्यास परतावा, हे सगळं लेखी मागा. पूर्ण पॅकेजचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका, दोन आठवड्यांचे भरा. मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यावा असं २०१७ चा कायदा म्हणतो, पण टीएमएस भरतीशिवाय होतं आणि बऱ्याच पॉलिसींत बाह्यरुग्ण उपचार धरलेले नसतात. कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या, बिलं झाल्यावर नव्हे. दुसरं मत हवं असेल तर मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येईल. मला विचाराल तर, तीस दिवसांच्या आणि एवढ्या खर्चाच्या गोष्टीला दुसरं मत घ्यावंच.

थांबावं का, हा प्रश्न राहिला. पत्र आषाढातलं आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटलात, दुसऱ्या मताला आठवडा दिलात, तरी सहा आठवडे दसऱ्याच्या आत सहज बसतात. दसऱ्यापर्यंत थांबलात तर साक्षगंध, मग दिवाळी, मग लग्नाची खरेदी, मग लग्न. नवरोबांचं 'मग पाहू' पुढच्या उन्हाळ्यात जाऊन पडेल, आणि तुम्ही त्या सगळ्या समारंभांत आजच्या अवस्थेत उभ्या असाल. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

आणि आज रात्री ती स्ट्रिप डाळीतून काढा.  सात कप्प्यांची गोळ्यांची डबी कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळते. ती दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा, म्हणजे सोमवारचा कप्पा रिकामा आहे की भरलेला हे विचार न करता दिसेल.